नॅस की क्लाउड? चिपळूण, १४ मशीन, पावसाळ्याआधी ठरवायचंय

वाशिष्ठीकाठ:

नमस्कार मंडळी. बाजारपेठेतल्या एका होलसेल फर्मचा 'आयटी विभाग' म्हणजे मी एकटा. प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी मी आणि सर्व्हर बसला तरी मीच.

आमच्याकडे एक विंडोज सर्व्हर आहे. त्यावर टॅली आणि एसक्यूएल डेटाबेसवर चालणारं स्टॉकचं सॉफ्टवेअर. १४ डेस्कटॉप, त्यातले चार खेर्डीच्या गोडाऊनला. डेटा साधारण ९०० जीबी, पण निम्म्याहून जास्त जुन्या बिलांचे नि चलनांचे स्कॅन. फायबर आहे, कागदावर ५० एमबीपीएस.

आता मागची गोष्ट. आमच्या भिंतीवर २६ जुलै २००५ च्या पुराची खूण ऑइलपेंटने मारलेली होती. सर्व्हरची मांडणी त्या खुणेच्या अर्धा फूट वर केलेली, त्यामुळे सगळे निर्धास्त. २२ जुलै २०२१ ला पाणी त्या खुणेच्याही वर गेलं. बॅकअपची एक्स्टर्नल डिस्क होती ना, होती. त्याच टेबलाच्या खणात. टॅली मिळालं ते सीएंच्या ऑफिसात मार्चअखेरीची कॉपी होती म्हणून. एप्रिल ते जुलैचा स्टॉक आम्ही ओली बिलं दोरीवर वाळत घालून, पंख्याखाली बसून परत टाईप केला. दिवाळीपर्यंत ते काम चाललं होतं.

सध्या दोन कोटेशनं हातात आहेत. एक, चार डिस्कचा नॅस (ऑफिसच्या नेटवर्कला जोडलेली डिस्कची पेटी), पहिल्या मजल्यावर बसवून देणार. दुसरं, क्लाउड बॅकअप, दर मशीनमागे वर्षाची वर्गणी. शेठ म्हणतात, "दोन-दोन कशाला, एक सांग कुठलं ते." काय सांगू?

ओहोटी:

रत्नागिरीहून. कोटेशन बाजूला ठेवा आणि शेठना आधी दोन प्रश्न विचारा. दुकान किती तास बंद राहिलं तर चालेल? आणि किती तासांचं काम परत टाईप करायची तयारी आहे? आमच्या धंद्यात पहिल्याला आरटीओ म्हणतात आणि दुसऱ्याला आरपीओ. (आरटीओ म्हटलं की शेठना लायसन आठवेल, म्हणून मराठीतच विचारा.)

आमच्या मासळीच्या एक्स्पोर्टवाल्या गिऱ्हाईकाला कंटेनरचे कागद दोन तासांत लागतात, नाहीतर रीफर (थंड कंटेनर) तिथेच उभा. समोरच्याच गल्लीतल्या आंबा पॅकिंगवाल्याला जूनमध्ये आठवडाभर सिस्टीम नसली तरी फरक पडत नाही, एप्रिलमध्ये मात्र एक दिवसही नको. या दोघांना एकच सोल्यूशन विकणारा माणूस माल खपवतोय, एवढंच.

दर्याकिनारी:

आम्ही गूगल ड्राईव्हवर फोल्डर सिंक करून ठेवलंय. काही कटकट नाही. एवढं काय त्यात?

पागनाका:

@दर्याकिनारी, सिंक हा आरसा आहे, तिजोरी नव्हे. तुम्ही इकडे फाईल उडवली की तिकडेही उडते. रॅन्समवेअरने (फाईली लॉक करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसने) लॉक केली की लॉक झालेलीच वर चढते. जुन्या आवृत्त्या मिळतात, नाही असं नाही, पण मुदतीने. गूगल ड्राईव्हची कचरापेटी ३० दिवसांनी रिकामी होते. कामावरून सोडून गेलेल्या पोराने मार्चमध्ये उडवलेलं फोल्डर तुम्हाला जूनमध्ये आठवलं तर काय करणार?

आणि टॅलीचा चालू डेटा सिंकच्या फोल्डरात ठेवत असाल तर आजच काढा. उघडी फाईल अर्धी वर जाते, अर्धी खाली राहते. मग 'डेटा करप्ट' येतं आणि टॅलीवाल्याला शिव्या बसतात.

दर्याकिनारी:

तिथेच ठेवलाय. काढतो.

पागनाका:

वाशिष्ठीकाठ, मी मूळचा चिपळूणचाच, पुण्यात सर्व्हर सांभाळतो. जरा सविस्तर लिहितो.

नॅस आणि क्लाउड ही स्पर्धा नाहीच. दोन्ही वेगवेगळ्या मरणावरची औषधं आहेत. सर्व्हरची डिस्क गेली, कुणी चुकून कंपनी डिलीट केली, विंडोज अपडेटने बूट बंद पडलं, असली रोजची दुखणी नॅस बरी करतो, कारण तो जवळ असतो. गिगाबिट लॅनवर सेकंदाला १०० एमबी धरले तर तुमचे ९०० जीबी अडीच तासांत परत. तेच क्लाउडवरून ५० एमबीपीएसने आणायचे तर लाईन एक क्षणही न तुटता ४० तास. आणि लाईन तुटायचं निमित्त आपल्याकडे फार मोठं लागत नाही, रस्त्याचं काम करणारा जेसीबी पुरतो. उलट पूर, आग, चोरी यात नॅस सर्व्हरच्या मांडीला मांडी लावून मरतो. तिथे क्लाउडच.

नॅसमध्ये चार डिस्क म्हणजे चार कॉप्या, असं विकणारा सांगत असेल तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. त्या चार डिस्कची जोडणी असते तिला रेड म्हणतात, आणि रेड म्हणजे एक डिस्क मेली तरी काम चालू राहणं. चुकीची डिलीट ती चारही डिस्कवर इमानेइतबारे करते.

बॅकअपच्या सॉफ्टवेअरचं म्हणाल तर सिनॉलॉजी कंपनीच्या नॅसच्या बऱ्याच मॉडेलवर 'ॲक्टिव्ह बॅकअप फॉर बिझनेस' येतं, त्याला दर मशीनचं वेगळं लायसन नाही. १४ डेस्कटॉप आणि सर्व्हर असेल तर इथेच गणित बदलतं. वीमची कम्युनिटी आवृत्ती १० वर्कलोडपर्यंत (ढोबळमानाने १० मशीन) फुकट, सर्व्हरसाठी ती मला जास्त भरवशाची वाटते. ॲक्रोनिस चांगलं, पण वर्गणी संपली की काय काय बंद होतं ते आधी लेखी घ्या. लिनक्सची सवय असेल तर रेस्टिक आणि बोर्ग दोन्ही दगडासारखी टणक आहेत. पण तुम्ही सुट्टीवर असताना ती चालवणार कोण? शेठ कमांड मारणार आहेत का?

डेस्कटॉपच्या पूर्ण इमेज (विंडोजसकट अख्ख्या डिस्कची कॉपी) घेऊ नका. बिलिंगचं एक मशीन नमुन्याला घ्या, बाकीच्यांचं काम सर्व्हरवर सेव्ह करायची शिस्त लावा. आणि एसक्यूएलची फाईल नुसती कॉपी-पेस्ट करून बॅकअप होत नाही. ती एसक्यूएलच्याच बॅकअप कमांडने किंवा विंडोजच्या शॅडो कॉपीतून घ्यावी लागते.

स्कॅनचे ५०० जीबी वेगळे काढा. ती वर्षावर्षाची गाठोडी आहेत, बदलत नाहीत. एकदाच वर चढवायची. रोज वर जायचं ते टॅली, एसक्यूएल आणि त्या दिवसाचे कागद. इन्क्रिमेंटल (फक्त बदललेलं तेवढंच) लावलंत तर रोज एखाद-दोन जीबीच्या वर जाऊ नये. आणि पुरानंतर आधी काय परत आणायचं हेही त्यातूनच ठरतं. टॅली-एसक्यूएल तासाभरात उतरतं, दुकान उघडतं, मग २०१४ ची चलनं येऊ देत की आठवड्याने.

कुडाळचो:

पागनाका म्हणतत ता बरोबर, पण तुमी पुण्यात बसून वीज इसरलास.

आमच्या एमआयडीसीत मे महिन्याच्या शेवटाक एक गडगडाट झालो, वीज पडली खयच्या खय, आणि लॅनच्या वायरीतसून शिरली. स्विच गेलो, तीन मशीनींचे लॅन पोर्ट गेले, आणि त्याच स्विचवरचो नॅस पण. सर्व्हर आणि बॅकअप एकाच वायरीक बांधलेले, दोन बैल एकाच जोताक. यूपीएस होतो, पण यूपीएस लाईटीच्या वाटेवर, वीज इली ती नेटच्या वाटेन.

ह्यां प्रमाण मराठीत लिवतंय, नायतर कोणतरी तक्रार करतलो:

जांभ्याच्या कातळावर अर्थिंग मुळात कठीण, उन्हाळ्यात खड्डा सुकला की आणखीच वाईट. मीठ-कोळसा घालून, पाणी मारून, मीटरने मोजून घ्या. दोन इमारतींमधली वायर तांब्याची असेल तर फायबर करा, काचेतून वीज येत नाही. आणि एक कॉपी अशी ठेवा जी कुठल्याच वायरीला जोडलेली नाही. यूएसबी डिस्क दोन, एक आठवडा ही, एक आठवडा ती. काम झालं की काढून डब्यात, सोबत सिलिका जेलची पुडी. समुद्राजवळ असाल तर कनेक्टरवर हिरवट गंज चढतो, म्हणून डिस्क नुसती कपाटात टाकून विसरू नका.

ओहोटी:

कुडाळचो +१. तौक्तेच्या वेळी, मे २०२१ मध्ये, आमच्याकडे कितीतरी गावांत दिवसेंदिवस लाईट नव्हती. क्लाउडवर सगळं सुखरूप होतं, फक्त ते बघायला ना वीज ना टॉवर. आम्ही डिझेल घालून जनरेटर चालवला आणि यूएसबी डिस्कवरून एका लॅपटॉपवर टॅली उभं केलं. स्वस्तातली ती डिस्क त्या आठवड्यात सगळ्यांत महाग वस्तू होती.

शेवा_बंदर:

उरणहून. वीज गेल्यामुळे वाचलेल्या डेटाचीही एक गोष्ट आहे, ऐकाच.

२७ जून २०१७ ला नॉटपेट्या हा व्हायरस आला तेव्हा आमच्या जेएनपीटीतलं मर्स्क या जहाज कंपनीच्या ग्रुपचं टर्मिनल ठप्प झालं होतं. बाहेर ट्रेलरच्या रांगा. हल्ला शिरला होता तो युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. मर्स्कच्या जगभरातल्या डोमेन कंट्रोलरनी (सगळ्यांची लॉगिन सांभाळणाऱ्या सर्व्हरनी) एकमेकांना कॉपी करून ठेवलं होतं, एक गेला तर दुसरा आहे म्हणून. गेले ते सगळे एकदम. फक्त घानातल्या ऑफिसातला एक वाचला, कारण त्या वेळी तिथे लाईट गेली होती! तो बंद होता म्हणून त्याला लागण झाली नाही. त्याच्या जिवावर पुढे दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० पीसी नव्याने उभे केले.

महावितरणला नावं ठेवताना मला हे हटकून आठवतं.

तेव्हा कुडाळचोंच्या न जोडलेल्या डिस्कचं महत्त्व विजेपुरतं नाही. रॅन्समवेअर हल्ली आधी बॅकअप शोधतो आणि मग डेटा लॉक करतो. नॅसचा ॲडमिन पासवर्ड सर्व्हरच्या ॲडमिनपेक्षा वेगळा ठेवा, नॅस डोमेनमध्ये जोडू नका, कुठल्याही मशीनवर त्याचा बॅकअपचा फोल्डर ड्राईव्ह म्हणून मॅप करू नका. आणि घरून बघता यावं म्हणून राऊटरवर पोर्ट उघडून नॅस इंटरनेटवर ठेवू नका. २०२१-२२ मध्ये क्यूलॉकर आणि डेडबोल्ट या रॅन्समवेअरनी क्यूनॅप कंपनीचे असे उघडे नॅसच गाठून लॉक केले. क्लाउडला 'ऑब्जेक्ट लॉक' मिळतो का ते विचारा. लावलेल्या मुदतीपर्यंत पासवर्ड चोरला तरी तिथली कॉपी पुसता येत नाही.

वाशिष्ठीकाठ:

धन्यवाद सगळ्यांना. शेठना दोन प्रश्न विचारले. उत्तर: "बंद एक दिवस चालेल. परत टाईप अजिबात करणार नाही." ओल्या बिलांचा वास अजून गेलेला नाही त्यांच्या नाकातून.

क्लाउडवाला म्हणतो डेटा सिंगापूरला राहील, स्वस्त पडेल. काही अडचण?

जमाखर्च:

सीए आहे, उत्तर देते. फर्म प्रायव्हेट लिमिटेड असेल तर अडचण आहे. कंपनीची हिशेबाची पुस्तकं इलेक्ट्रॉनिक स्वरूपात असतील तर त्यांचा बॅकअप भारतात असलेल्या सर्व्हरवर ठेवावा लागतो, आणि ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीनंतर तो रोजच्या रोज. आधी 'ठरावीक काळाने' असं होतं. सिंगापूरची कॉपी जादा म्हणून ठेवा, एकमेव म्हणून नको. मोठ्या क्लाउड कंपन्यांची केंद्रं मुंबई, पुणे, हैदराबादला आहेत, तिथलं मागा. भागीदारी किंवा प्रोप्रायटरी असेल तर हा नियम तुम्हाला नाही.

किती वर्षं ठेवायचं ते: जीएसटीचे कागद वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने. कंपनीची पुस्तकं ८ वर्षं. म्हणजे '३० दिवसांचा इतिहास' असलेला प्लॅन एकटा पुरत नाही. मार्चअखेर टॅलीचा बॅकअप वेगळा काढून त्यावर वर्ष लिहून ठेवा. जुनी आवृत्ती नव्या टॅलीत उघडते का हेही वर्षातून एकदा पाहा.

आणि हो, मार्चअखेरीची कॉपी सीएकडे असते म्हणून आपण सुरक्षित, असं समजणारे क्लायंट मला दर पावसाळ्यात भेटतात. माझं ऑफिससुद्धा तळमजल्यावरच आहे.

वाशिष्ठीकाठ:

प्रायव्हेट लिमिटेडच आहे. सिंगापूर रद्द.

दुसरी कॉपी शेठच्या मुलीकडे कऱ्हाडला ठेवायचा विचार आहे. घाटावर पाणी कसलं येतंय?

पागनाका:

२२-२३ जुलै २०२१ आठवा. ज्या पावसाने चिपळूण बुडवलं त्याच पावसाने पाटण तालुक्यात दरडी आणल्या, कोयना-कृष्णेला पूर आला. कऱ्हाडला घर उंचावर असेल तर डिस्क कोरडी राहील, पण कुंभार्ली घाटातून ती खाली आणणार कोण? आपली नि त्यांची सह्याद्रीची रांग एकच, फक्त उतार वेगळे.

कऱ्हाड ठेवा, वाईट नाही. पण तिसरी कॉपी क्लाउडलाच. आणि यूएसबीची जोडी चिपळुणातच उंचावर, परशुरामच्या बाजूला कुणाचं घर असेल तर तिथे. शेठचं घर कुठंय?

वाशिष्ठीकाठ:

शेठ बाजारपुलाजवळ. मी कापसाळला, चढावर. म्हणजे डिस्क माझ्याकडेच येणार असं दिसतंय.

पागनाका:

मग एनक्रिप्ट करून न्या. आणि त्याचा पासवर्ड सर्व्हरवरच्या नोटपॅडमध्ये ठेवू नका, हसू नका, मी पाहिलंय. कागदावर लिहून शेठच्या तिजोरीत, दुसरा कागद मुलीकडे. नव्या विंडोज मशीनवर बिटलॉकर (डिस्क एनक्रिप्ट करणारी विंडोजची सोय) बऱ्याचदा आपोआप चालू झालेला असतो, त्याच्या रिकव्हरी कीदेखील त्याच कागदावर.

दर्याकिनारी:

डिस्क भिजलीच तर? तांदळाच्या डब्यात ठेवायची ना मोबाईलसारखी?

चकती_आणि_सुई:

डेटा रिकव्हरीच्या लॅबमध्ये काम केलंय, म्हणून कळकळीने लिहितो. तांदूळ नको, ऊन नको, हेअर ड्रायर तर मुळीच नको. आणि 'लागतेय का बघू' म्हणून वीज देऊ नका. सगळ्यांत जास्त डिस्क त्या एका 'बघू'ने मरतात.

साध्या हार्ड डिस्कला हवेच्या दाबासाठी एक बारीक भोक असतं. पुरात त्यातून गढूळ पाणी आत जातं. ते सुकलं की गाळाचा थर चकतीवर घट्ट बसतो, आणि चकती फिरली की हेड त्यावर घासून खरवडून काढतं. म्हणून उलटं करायचं: ओली आहे तशीच, ओलसर फडक्यात गुंडाळून, झिपच्या पिशवीत बंद करून लवकरात लवकर लॅबला. उघडायची नाही. हेलियमवाल्या डिस्क सीलबंद असतात, त्यांची वाचण्याची शक्यता बरी.

न भिजता नुसतं डिलीट झालं असेल तर पहिली गोष्ट, त्या मशीनवर काम थांबवा. रिकव्हरीचं सॉफ्टवेअर त्याच ड्राईव्हवर इन्स्टॉल करणारे महाभाग असतात, ते जे शोधतायत त्याच्यावरच ते लिहिलं जातं. ड्राईव्ह काढून दुसऱ्या मशीनला लावा, आधी पूर्ण कॉपी घ्या (डीडीरेस्क्यू), मग त्या कॉपीवर टेस्टडिस्क, फोटोरेक चालवा. एसएसडी असेल तर फार आशा धरू नका. ट्रिम नावाची सोय डिलीट झालेले कप्पे पाठीमागे साफ करत असते.

रॅन्समवेअर असेल तर पैसे भरण्याआधी 'नो मोअर रॅन्सम' ही साईट बघा. युरोपोल, डच पोलीस वगैरेंनी २०१६ मध्ये सुरू केलीय, काही जुन्या जातींच्या किल्ल्या तिथे फुकट मिळतात.

ओहोटी:

सुंदर प्रतिसाद. अवांतर: २०२१ च्या पुरात चिपळूणच्या एसटी आगारप्रमुखांनी आगाराची नऊ लाखांची रोकड घेऊन बुडालेल्या बसच्या टपावर नऊ तास काढले होते. रोकड कुठाय हे त्यांना माहीत होतं म्हणून ती उचलता आली. आपल्यातल्या किती जणांना पाणी चढायला लागल्यावर नेमकी कुठली डिस्क उचलायची हे माहीत आहे? डब्याला लाल दोरी बांधा, खरंच सांगतो.

वाशिष्ठीकाठ, घ्यायचं ते घ्या, पण एका रविवारी सर्व्हर मेलाय असं समजून सगळं दुसऱ्या मशीनवर उभं करून बघा. आणि 'फेल'चा मेल येत नाही म्हणजे सगळं ठीक, असं धरू नका. गिटलॅबची (प्रोग्रामरांचा कोड ठेवणारी साईट) ३१ जानेवारी २०१७ ची गंमत वाचा, चुकून चालू डेटाबेसच डिलीट झाला होता. बॅकअप बरेच दिवस होतच नव्हता आणि तसं सांगणारे मेल वाटेतच नाकारले जात होते. शेवटी एका माणसाने योगायोगाने सहा तास आधी घेतलेल्या स्नॅपशॉटने तारलं.

वाशिष्ठीकाठ:

तीन आठवड्यांनी लिहितोय, उशीर झाला.

नॅस आला, पहिल्या मजल्यावर माळ्याच्या उंचीला बसवला. अर्थिंग नवीन केलं. टॅली आणि एसक्यूएल मुंबईच्या क्लाउडवर, ऑब्जेक्ट लॉक ३० दिवस. डेस्कटॉपची १४ लायसनं रद्द केली, त्या पैशात दोन यूएसबी डिस्क आणि वायफळ खर्च म्हणून शेठच्या मते एक लाल दोरी.

काल रविवारी रंगीत तालीम केली. जुन्या डेस्कटॉपवर रिकव्हरीच्या पेनड्राईव्हने बूट केलं तर त्याला नेटवर्क कार्डच ओळखता येईना. ड्रायव्हर शोधून पेनड्राईव्हवर घालण्यात दीड तास गेला. मग इमेज उतरली, एसक्यूएल उघडलं, सगळे टाळ्या वाजवायच्या बेतात. मी स्टॉकची तारीख बघितली. शेवटची नोंद ११ दिवसांपूर्वीची.

कारण सापडायला वेळ लागला नाही. बॅकअपची वेळ मी रात्री ९ ची लावली होती. शेठ साडेआठला दुकान बंद करताना मेन स्विच पाडतात, 'शॉर्टसर्किट नको' म्हणून. पहिले काही दिवस मी स्वतः उशिरापर्यंत थांबत होतो म्हणून बॅकअप झाला, नंतर नाही. आणि फेलचे मेल? जात होते की, दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडलेल्या पोराच्या पत्त्यावर.

आता वेळ दुपारी दीडची केलीय. एक ते चार दुकान बंद असतं, कुणी एंट्री करत नाही. मेल मला आणि शेठच्या मुलीला, झालं तरी येतो, नाही झालं तरी येतो.

कुडाळचो:

दुपारी बंद करताना मेन स्विच पाडणत नाय ना शेठ?

वाशिष्ठीकाठ:

नाही. दुपारी ते आतच झोपतात, पंखा लागतो.